लीलाबाईंनी तपासलेलं वाक्य

लीला देशिंगकर यांना शाळेत सगळे लीलाबाई म्हणत. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एवढ्या वर्षांत एकाही पोराच्या अंगाला बोट लावलं नाही. त्यांचा सगळा धाक लाल पेनात. तपासलेली वही हातात आली की पोरं आधी पान उजेडाला धरून मागच्या बाजूनं बघायची. तांबडं दिसलं नाही तर सुटलो म्हणायची.

बाई मूळच्या जयसिंगपूरच्या. वडिलांचं औषधाचं दुकान होतं. दुकानात बसून औषधांच्या खोक्यातले घडीचे कागद उघडायचे आणि त्यावरचं मुंगीएवढं इंग्रजी मोठ्यानं वाचायचं, हाच त्यांचा लहानपणचा खेळ. कळायचं काहीच नाही, पण आवाज आवडायचा. पुढं बी.ए.ला कोल्हापुरात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात उभ्या राहून एक उतारा वाचला, तेव्हा मागच्या बाकावरच्या शहरातल्या मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या. कुठल्या तरी शब्दाचा उच्चार बाईंनी औषधाच्या कागदावर वाचून आपल्या मनानं बसवला होता, तसाच केला होता. त्या दिवशी खोलीवर येऊन त्या जेवल्या नाहीत. मग त्यांनी शब्दकोश घेतला आणि तो अक्षरशः झिजवला. शिक्षिका झाल्यावर त्यांचं एकच म्हणणं राहिलं: माझ्या वर्गातल्या पोराला पुढं कुठंही, कुणीही हसता कामा नये. ते लाल पेन या मायेतून आलेलं होतं. पण माया आहे हे पोरांना कळायला बरीच वर्षं जायची, आणि तोवर पोरं शाळा सोडून गेलेली असायची.

त्यांचा एक नियम होता. नवा शब्द शिकवला की त्यावर पाच वाक्यं लिहून आणायची, आणि ती गाईडातली चालायची नाहीत. "तुमच्या घरातलं लिहा, गल्लीतलं लिहा. राम आंबा खातो हे मला सांगू नका. तो कधीपासून खातोय ते मला माहीत आहे."

निवृत्तीला सात-आठ महिने राहिले होते तेव्हाची ही गोष्ट. नववीच्या धड्यात 'मीट आउट' असा शब्दप्रयोग आला. बाई खुलल्या. असले भारदस्त शब्द त्यांना फार प्रिय.

"मीट म्हणजे भेटणं नव्हे, आणि श्रेयस, तू हसतोयस ते खायचं मीटही नव्हे. याचं स्पेलिंग बघा, शेवटी ई आहे. मीट आउट म्हणजे शिक्षा देणं. आता नुसतं 'गिव्ह' म्हटलं तरी चालतं. पण राजा असेल, कोर्ट असेल, त्यांच्या तोंडी वजनदार शब्द शोभतो. आपण मराठीत शिक्षा ठोठावली म्हणतो की नाही? तसं."

ठोठावली म्हटल्याबरोबर मागच्या बाकावर कुणीतरी दार ठोठावल्यासारखं लाकूड वाजवलं. वर्ग हसला. बाईही हसल्या.

"नीट ऐका. माणसाला मीट आउट करत नाहीत, शिक्षेला करतात. ज्याला मिळते तो 'टू'च्या पुढं येतो. शिक्षा ठोठावणारा एक, भोगणारा दुसरा."

तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या तेजस्वी चौगलेनं हात वर केला. नदीपलीकडच्या आंबेवाडीहून येणारी ही पोर. केएमटीची बस चुकू नये म्हणून शाळा सुटल्या सुटल्या पळायची. वर्गात कधी तोंड उघडायची नाही, आणि तिचा हात वर झालेला बाईंनी पहिल्यांदाच बघितला.

"बाई, देणारा आन् घेणारा एकच असला तर?"

"शाब्बास!" बाईंना इतका आनंद झाला की खडू हातातून निसटला. "याला म्हणतात प्रश्न. मग 'टू मी' नाही, 'टू मायसेल्फ' म्हणायचं." आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात तो शब्द लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. बाईंनी त्या संध्याकाळी घरी, मंगळवार पेठेत, गॅलरीत बसून तपासल्या. श्रेयसनं लिहिलं होतं की आई बाबांना तंबाखूबद्दल रोज शिक्षा ठोठावते. मोहितच्या वाक्यात पंचानं पेठेच्या फुटबॉल संघावर अन्याय करून लाल कार्ड दाखवलं होतं. बाई स्वतःशी हसत होत्या. तेजस्वीच्या वहीत पहिली चार वाक्यं साधीच होती. पाचवं असं: 'आय हॅव मीटेड आउट अ पनिशमेंट टू मायसेल्फ टू इयर्स अगो. इट इज स्टिल गोइंग.' दोन वर्षांपूर्वी मी स्वतःला एक शिक्षा ठोठावलीय. ती अजून चालू आहे.

बाईंनी 'हॅव' खोडला. शेजारी लिहिलं, 'अगो' आलं की 'हॅव' नको. 'गोइंग'च्या पुढं 'ऑन' घातला. खाली 'व्हेरी गुड' लिहून त्याच्याभोवती गोल काढला, आणि वही गठ्ठ्यावर ठेवली.

त्यांचे यजमान नृसिंहराव पोस्टातून निवृत्त झालेले. दुपारचा चहा ते करायचे, संध्याकाळचा बाई. त्या दिवशी वह्या लांबल्या म्हणून संध्याकाळचाही त्यांनीच केला आणि कप घेऊन गॅलरीत आले.

"ऐका, खेड्यातनं येणारी पोर आहे," बाई कौतुकानं म्हणाल्या, "आणि 'मायसेल्फ' कसं अचूक वापरलंय बघा." त्यांनी वाक्य वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं.

नृसिंहरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "कसली शिक्षा?"

"म्हणजे?"

"अगं, पोरगी म्हणते दोन वर्षं शिक्षा भोगतेय. कसली ते विचारलंस का?"

बाईंनी पुन्हा वही उघडली. मघाशी जे वाक्य व्याकरणाचं होतं, ते आता चौदा वर्षांच्या एका पोरीचं झालं. आणि त्याच्यावर त्यांच्या हातचा लाल गोल होता, व्हेरी गुड म्हणणारा.

"तिनं वर्गातच विचारलं होतं मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. मी फळ्यावर दोन रेघा ओढल्या."

त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अवंतिका नावाच्या मुलीनं निबंधात लिहिलं होतं की माझी धाकटी बहीण मरण पावलीय, आणि त्यात क्रियापद चुकवलं होतं. बाईंनी क्रियापद दुरुस्त केलं होतं. फक्त क्रियापद. अवंतिका आता कुठं असेल, काही माहीत नव्हतं. अशा किती वह्या हाताखालून गेल्या असतील, याचा विचार करायला लागल्या तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"उद्या विचार," नृसिंहराव म्हणाले. "पण वर्गात नको."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी तेजस्वीला वाचनालयाच्या खोलीत बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"चुकलं का बाई काही?"

"तुझं नाही, माझं. तुझं वाक्य मी तपासलं, पण वाचलं नाही. काल रात्रभर माझ्या मनात तेच आहे. कसली शिक्षा, बाळ?"

तेजस्वीनं ओढणीच्या टोकाला पीळ घातला. "काही न्हाय बाई. तुमीच म्हणला, घरातलं लिहा. म्हणून लिवलं."

"बरं. सांगू नकोस. पण कधी लिहावंसं वाटलं तर लिही. मराठीत लिही, कसंही लिही. मी तपासणार नाही."

"लाल पेननं?"

"कुठल्याच पेननं नाही."

चार दिवस काही झालं नाही. बाई रोज तिच्याकडं बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. पाचव्या दिवशी शाळा सुटताना तेजस्वीनं घडी घातलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बससाठी पळाली.

बाईंनी तो शिक्षकांच्या खोलीत, सगळे गेल्यावर वाचला.

दोन वर्षांपूर्वी पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हाचं लिहिलं होतं. 'सकाळी उंबऱ्याला होतं, दुपारी पप्पांच्या कमरंएवढं झालं. सगळे सोनतळीच्या माळावर निघाले. पप्पांनी तिन्ही म्हशी ट्रॉलीत चढवल्या. मला म्हणाले, चांदीला सोडून आण. चांदी म्हणजे आमची रेडी, सात महिन्यांची. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. ती माझ्या मागनं फिरायची. मी सोडायला निघाले, पण माझं दप्तर फळीवर होतं आणि त्यात स्कॉलरशिपचं पुस्तक होतं. मी आधी दप्तर घेतलं. तोवर ट्रॅक्टर सुरू झाला, आज्जी ओरडाय लागली, मला वाटलं चांदीला कुणीतरी सोडलं असंल. मी ट्रॉलीत चढले. सोनतळीला उतरल्यावर चांदी नव्हती. पाणी पाच दिवसांनी उतरलं. पप्पा एकटे आधी गेले. आल्यावर म्हणाले, चांदीनं दावं तोडलं आणि ती वाहून गेली. पण मी नंतर गोठ्यात दावं बघितलं. ते तुटलेलं नव्हतं. कोयत्यानं कापल्यालं होतं. खुंट्याची गाठ तशीच होती.

'मी कुणाला सांगितलं न्हाय. मी ठरवलं की चांदीला दूध मिळालं न्हाय तर मी पण दूध प्यायचं न्हाय. दही, ताक, दुधाचा चहा, पेढा काहीच न्हाय. घरात सगळ्यांना वाटतं मला दूध सोसत न्हाय. आज्जी मला जोतिबाला घेऊन गेली, दवाखान्यात पण नेलं. किती वर्षं करायचं ते मी तेव्हा ठरवलं न्हवतं. आता मला कळत न्हाय कुठं थांबायचं. बाई, कुणाला सांगू नका.'

एका शब्दात वेलांटी चुकली होती. बाईंचा हात सवयीनं पर्सकडं गेला. तो त्यांनी मागं घेतला, कागदाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. पर्समध्ये ठेववेना. तिथं पेनं होती.

आंबेवाडीतल्या घरात दूध न पिणारी पोर म्हणजे काय, हे कोल्हापुरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारं घर. तांब्याभर धारोष्ण दूध पोरांच्या हातात देणं हीच तिथल्या आज्ज्यांची माया. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ ती पोर तो तांब्या परत करत होती, आणि का ते एकटीलाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला शाळेमागच्या पिंपळाजवळ गाठलं.

"वाचलं."

तेजस्वी खाली बघत राहिली.

"तू म्हणालीस कुणाला सांगू नका. तुला न विचारता मी सांगणार नाही. पण मला वाटतं घरी कळायला हवं. हे एकटीनं उचलायचं ओझं नव्हे."

"पप्पा खोटं बोलल्यालं मला कळलंय, ह्ये पप्पांना कळंल," तेजस्वी म्हणाली. तिला खरी भीती त्याची होती. "मला बरं वाटावं म्हणून बोलले त्ये."

 इतक्या लहान वयात आपल्या बापाला सांभाळून घेणारी ही पोर. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेहतीस वर्षांत असं त्यांनी क्वचितच केलं असेल.

 घंटा झाली. जाता जाता तेजस्वी वळून म्हणाली, "बाई, तुमी या की आमच्या घरी, रविवारी. मी सांगते. तुमी नुसतं बसा."

रविवारी नृसिंहरावांनी स्कूटर काढली. शिवाजी पूल ओलांडून दोघं आंबेवाडीच्या फाट्याला लागले. चौगल्यांचं घर रस्त्यालगतच होतं. भिंतीवर पाण्याची जुनी रेघ, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. अंगणात तेजस्वीचे वडील आकाराम वैरण तोडत होते. बाईंना बघून त्यांनी गडबडीनं कोयता ठेवला आणि डोक्यावरची टोपी उगीचच काढून पुन्हा घातली.

"या या बाई! पोरीनं काय केलं का?"

"नाही हो. हुशार आहे तुमची पोर. सहज आलो."

"सहज कोण येतंय एवढ्या लांब!" आतून खणखणीत आवाज आला. तेजस्वीची आज्जी शालूबाई. सत्तरी उलटलेली, काटक. "या पावणं, बसा. संयोगिता, चहा टाक गं. पोरीचा येगळा."

संयोगिता म्हणजे तेजस्वीची आई. तिनं चहा आणला, सगळ्यांचा दुधाचा, दाट, आणि एक कप कोरा, लिंबू पिळलेला. तो तिनं न विचारता तेजस्वीपुढं ठेवला. दोन वर्षं ती दिवसातून दोनदा असा वेगळा चहा करत होती.

"हिला दूध सोसत न्हाय बाई," शालूबाई म्हणाली. "म्हशीच्या घरात जल्मून असली तऱ्हा. समदं करून बघितलं."

तेजस्वी उठून उभी राहिली, वर्गात उत्तर द्यायला उभी राहते तशी.

"आज्जी, मला सोसतंय दूध. मी सोडलंय त्ये." आणि एका दमात तिनं सगळं सांगितलं. दप्तराचं, ट्रॅक्टरचं. शेवटी दाव्याचं. बापाकडं न बघता म्हणाली, "पप्पा, दावं कापल्यालं मी बघितलंय."

 आकाराम खाली बसले, उकिडवे. दोन्ही हात गुडघ्यावर.

"मी तुला सांगितलतं?" ते म्हणाले. "मला आठवतच न्हाय गं, कुणाला सांगितलं त्ये. ट्रॉलीत तीन चढवली. चार हायती का बघाय पायजे व्हतं. मी मागं वळून बघितलंच न्हाय. तिथं गेल्यावर माझ्या ध्येनात आलं. परत निघालतो, तर लोकांनी धरून ठेवलं. कमरंचं पाणी गळ्याला आलतं." त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. "कोयत्यानं कापलं दावं. गाठ सुटंना माझ्या हातानं. परड्यात पुरली तिला. तुला दिसू नये म्हणून वाहून गेली म्हणलो."

"तिला न्हाय सांगितलं तू," शालूबाई एकदम म्हणाली. तिचा आवाज आता तो खणखणीत राहिला नव्हता. "मला सांगितलतंस. आई, रेडकाला सोड म्हणालास. मी देवाचं ताट गोळा कराय आत गेले. देव घेतलं आन् रेडकू इसरलं." तिनं आत देवघराकडं हात केला. "त्ये मी कुणाला बोलले न्हाय."

दारात उभी असलेली संयोगिता पदर तोंडाला लावून आत गेली. तिनंही काही मनात ठेवलं होतं की नव्हतं, ते कुणी विचारलं नाही.

खरं कुणाला सांगितलं होतं, हे त्या दिवशी ठरलं नाही, आणि पुढंही कधी ठरलं नाही. पाणी चढत असताना माणूस एका दमात तिघांना एकच गोष्ट सांगतो. एवढं मात्र झालं की एका रेडकाची चूक त्या घरात दोन वर्षं तीन ठिकाणी वेगवेगळी लपवलेली होती, ती अंगणात एकत्र आली.

शालूबाई उठली. नातीला तिनं दंडाला धरून आपल्यापाशी ओढलं, मारायला ओढावं तसं, आणि छातीशी घट्ट धरलं. "देव बी एवढी शिक्षा देत न्हाय गं माझे बाय! कुणी सांगितलतं तुला एवढं? आं? कुणी?"

तेजस्वी पहिल्यांदा रडली. मोठ्यानं, लहान पोरासारखी, नाक गळेपर्यंत.

सांगितल्याप्रमाणं लीलाबाई नुसत्या बसून राहिल्या होत्या. त्यांच्या हातातला चहा गार झाला होता. रडणं ओसरल्यावर तेजस्वीनं आज्जीच्या काखेतूनच मान वळवली.

"बाई, आता काय करायचं? माफ झाली म्हणायचं?"

बाईंना शब्द नेमका लागायचा. त्यांनी विचार केला. "माफ कशाला? माफी दुसऱ्यानं द्यायची असते. तू तर भोगलीस. पुरी दोन वर्षं. भोगून झाली असं म्हणायचं." मग कप खाली ठेवून, "आणि नसेल झाली असं वाटत, तर थोडे दिवस राहू दे. कुणी घाई करत नाही."

"घाई न्हाय कशी!" म्हणून शालूबाईनं तोंड उघडलं, पण आकारामनं हातानंच तिला गप्प केलं.

निघताना आकाराम रस्त्यापर्यंत चालत आले. स्कूटरशी उभे राहून म्हणाले, "बाई, तुमाला कसं कळलं?"

"मला नाही कळलं," बाई म्हणाल्या. "यांना कळलं. मी व्याकरण बघत होते."

नृसिंहराव हेल्मेटचा पट्टा लावण्यात गुंतल्यासारखं करत राहिले.

पुढच्या आठवड्यात बाईंनी नववीला सांगितलं की यापुढं पाचपैकी चार वाक्यंच तपासणार. पाचव्याखाली पेन लावणार नाही, ते फक्त वाचणार. "त्यात चुका असल्या तर?" मोहितनं विचारलं. "असू देत," बाई म्हणाल्या. वर्गाला हे खरं वाटेना. सुरुवातीला पोरांनी चेष्टाच लिहिली. मग हळूहळू एखादी वही अशी यायची की बाई ती मिटून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी पिंपळाजवळ बोलवायच्या. प्रत्येक वेळी काही मोठं नसायचं. एकाला नुसतं सांगायचं होतं की त्याला इंग्रजी आवडत नाही. बाईंनी तेही ऐकून घेतलं.

अवंतिकाचा पत्ताही त्यांनी शोधला. जुन्या विद्यार्थिनींना विचारत विचारत नंबर मिळाला. ती आता सांगलीत होती, स्वतःचं शिवणाचं दुकान चालवत होती. बाईंनी फोन करून बहिणीचं नाव विचारलं. एवढ्या वर्षांनी विचारलं. पलीकडून अवंतिका म्हणाली, "अदिती. अदिती होतं, बाई." आणि मग ती अर्धा तास बोलत राहिली. अदितीला काय आवडायचं, ती कशी हसायची, कुठल्या रंगाच्या फ्रॉकसाठी रडायची. बाई फोन कानाला लावून गॅलरीत उभ्या होत्या.

दिवाळीनंतर चौगल्यांची मधली म्हैस व्याली. दुसऱ्या दिवशी तेजस्वी शाळेत स्टीलचा डबा घेऊन आली. खरवस. "मी केलाय बाई. वेलदोडा जास्त झालाय."

"तू खाल्लास?"

"थोडा. करताना चव बघाय लागती की."

ती इतक्या सहज म्हणाली की बाईंनी पुढं काही विचारलं नाही. डबा घरी नेला. नृसिंहरावांना साखर होती, तरी त्यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरीकडं बघत राहिले.

आठवडाभरानं एका सकाळी बाईंचा फोन वाजला. शालूबाईनं नातीकडून नंबर लावून घेतला होता आणि फोन लांब धरून ओरडत होती, जणू नदीपलीकडून हाक मारतेय.

"बाई! पोरगी खरवस खातीया, दही खातीया, च्यात दूध घालतीया. पर दुधाचा तांब्या न्हाय म्हणती! अजून शिक्षा चालू हाय का काय तिची? तुमी विचारा!"

मागून तेजस्वीचा आवाज आला, "आज्जी, फोन दे! बाई, तसलं काही न्हाय. दोन वर्षं पिलं न्हाय तर आता मला त्येचा वासच आवडत न्हाय. खरंच सांगते."

बाईंना हसू आलं. "शालूबाई, ऐका. तिला दूध आवडत नाही."

"आवडत न्हाय म्हंजे?"

"नुसतं आवडत नाही. दुसरं काही नाही."

पलीकडं शालूबाईनं 'आवडत न्हाय' असं एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं. म्हशीच्या घरात असलं काही असू शकतं, हे ती मनाशी बसवत असावी.

"मग ऱ्हाऊ दे की," ती शेवटी म्हणाली. "च्यात घालती तेवढं बास हाय."